गुंडाच्या मानेवरचं नाव

एप्रिल संपत आला की माझं डोकं तापायला लागतं. मी उन्हाचं नाव पुढे करून मोकळी होते, कारण नागपुरात उन्हाचं कारण कोणालाही पटतं. पण खरं कारण लगीनसराई. मांडवाचे बांबू रस्त्यात आडवे पडले, कोपऱ्यावर बँडवाल्यांची तालीम सुरू झाली, की आमच्या दुकानाच्या पायरीवर कोणी गोड हसत आलेलं मला खपत नाही. आणि अलीकडे तर सगळे हसतच येतात.

परवा प्रताप नगरहून एक बाई आल्या. नवा बंगला बांधलेला, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून भर दुपारी इतवारीत आलेल्या, कपाळावर ओला रुमाल. आत आल्या आल्या त्यांनी एका पितळी गुंडाला, पाण्याच्या घागरीला, हात लावला आणि म्हणाल्या, "अय्या, असाच गुंड आमच्या आजीकडे होता. त्यातलं पाणी काय गोड लागायचं." मी विचारलं, "मग तो कुठं गेला?" बाई जरा अडखळल्या. "आईनं मोडीत दिला. तेव्हा स्टील निघालं होतं ना नवीन." मग गुंड फिरवून फिरवून त्याची मान पाहायला लागल्या. "याच्यावर नाव नाही का हो? नाव टाकलेला दाखवा ना. नाव असलं की कसं घरच्यासारखं वाटतं."

घरच्यासारखं. कोणा तिसऱ्याच बाईचं नाव आणून आपल्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवायचं, त्यात प्लॅस्टिकची फुलं खोचायची, आणि आल्यागेल्याला दाखवायचं. मला इतका राग आला की मी उठून आतल्या माठातलं पाणी प्यायले. गिऱ्हाईक आहे, तोंड सांभाळ, असं आमचे हे मला रोज सांगतात. सांभाळलं. पण राग काही नुसता त्या बाईंवर नव्हता. त्यांना हवी होती तसली नावं मी माझ्या या हातांनी घासून टाकलेली आहेत. एक नाही, दोन नाही. कित्येक उन्हाळे मी दुसरं काही केलंच नाही.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिच्यात अजून मागाचा खड्डा आहे. सासरे विणकर, त्यांचे वडील विणकर. त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर लुगडी विणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा माग चालू होता, घरभर खटखट असायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. मग सुताचे हाल झाले, गिरणीचं स्वस्त लुगडं आलं, आणि एक दिवस ती खटखट थांबली. सासरे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. यांनी माग मोडून त्याचं लाकूड विकलं आणि हातगाडी घेतली. खड्डा मात्र बुजवला नाही. त्यात जुनी भांडी रचायची सोय झाली.

तेव्हा घरोघरी स्टील घुसत होतं. हे हातगाडीवर, पुढे भाड्याच्या टेम्पोत, स्टीलचे डबे, ताटं, पेले भरून गावागावांत जायचे. उमरेडच्या अंगाला, रामटेकच्या अंगाला. पितळ द्या, तांबं द्या, स्टील घ्या. बायका धावत यायच्या. चिंच नको, राख नको, कल्हई नको, नुसतं पाण्यातून काढलं की चकचक. त्यांना मी नावं ठेवत नाही. पितळेचा ढीग रोज घासून ज्यांची नखं झिजलीत त्यांनी स्टीलला भुलायचं नाही तर कोणी भुलायचं? मीही भुलले होते. पहिला स्टीलचा डबा घरात आला तेव्हा मी त्यात तोंड पाहिलं होतं.

आलेला माल दोन ढिगांत पडायचा. फुटकं, पोचे आलेलं ते मोडीत, वितळवायला. चांगलं जड, न गळणारं ते बाजूला. ते आम्ही पुन्हा विकत असू, आणि घेणारे असत गरीब घरचे मुलीवाले. आंदणात पितळेची पाच भांडी तरी दिसली पाहिजेत, नाही तर मांडवात सासरकडच्यांची तोंडं वाकडी. नवं परवडत नाही, मग आमच्याकडचं जुनं घासूनपुसून नवं म्हणून द्यायचं. अडचण एकच. त्या भांड्यांवर नावं असायची. गुंड, कोपर, गंज, गडवा, आंदणातलं एकेक भांडं नाव टाकून घेतलेलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. 'कु. शेवंता हिस आत्याकडून'. 'कु. गिरजा हिस मोठ्या मामाकडून'. दुसरीच्या नावाचं भांडं आपल्या पोरीच्या आंदणात कोण देईल? अपशकुन. म्हणून आधी नाव जायला हवं.

ते काम माझं. सासरे बसत तिथं, खड्ड्यात पाय सोडून, मांडीवर भांडं घेऊन मी कानस चालवायची. आधी कानस, मग विटेची भुकटी, मग चिंच. मान सपाट व्हायची आणि तेवढीच जागा बाकीच्या पितळेपेक्षा फिकट दिसायची. दुकानात ती बाजू भिंतीकडे करून ठेवायची. मेअखेरचा नवतपा, उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू झाला की खोलीत भट्टी व्हायची. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारायचं, ते पाच मिनिटांत सुकायचं. घामावर पितळेची भुकटी चिकटायची, हात हिरवट व्हायचे, आणि त्याच हातांनी मळलेल्या कणकेला पितळेचा वास यायचा. पोरं जेवताना नाक मुरडायची.

मी सातवी शिकलेली, त्यामुळे नाव वाचल्याशिवाय कानस लावणं मला जमायचं नाही. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायची. हे आतून म्हणायचे, "काय पोथी वाचून राहिली का वं? घास ना लवकर." मी घासायची. मला त्यात काही वाटत नव्हतं हे आज सांगताना माझा मलाच संताप येतो. वाटायला हवं होतं. कारण ही सगळी नावं लग्नाआधीची. आंदणाची भांडी मांडवात मांडतात, म्हणजे नाव आधीच टाकून घेतलेलं असतं, माहेरचं. आणि त्याच मांडवात तासाभरात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरा बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, टाळ्या पडतात, आणि माहेरचं नाव संपतं. मी अनसूया होते. यांनी शोभा लिहिलं. का तर यांना ते आवडत होतं. यांचं नाव मी अजून तोंडानं घेत नाही, आणि माझं मात्र यांनी एका बोटानं पुसून टाकलं. त्या तांदळाचा नंतर भात शिजवला असेल.

म्हणजे शेवंता, गिरजा ही नावं कुठं उरली होती तर भांड्यांच्या मानेवर. आणि मी तिथूनही ती काढत होते.

मग एक बाई आली. तोही असाच नवतप्यातला दिवस. तेरा-चौदा वर्षं झाली. दुपारचे बारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ही दारात उभी. उंच, काळीसावळी, डोईवर पदर, पायांत चपला नाहीत. इतक्या उन्हात डांबरावरून चालत आलेली. मी पाणी दिलं. ती गटागटा प्यायली आणि मग म्हणाली, "गावात भांडे बदलणाऱ्याचं घर हेच होये ना? खड्डा हाय म्हणे घरात."

"हेच. काय पाहिजे?"

"माहा गुंड पाहिजे वं बाई. मी शेतात होती, रोवण्याआधीची साफसफाई चालू हाय बांधीत, अन् सुनेनं देऊन टाकला. दोन डबे घेतले." तिनं पदराची गाठ सोडली. त्यात परतीच्या एस.टी.पुरतीच नाणी होती. स्टीलचे दोन छोटे डबे ती काखोटीला घेऊन आलेली. डबे तिनं पायरीवर ठेवले. "हे घ्या तुमचं. वापरले नाही. माहा गुंड द्या."

मी म्हटलं, ओळखणार कसा? पितळेचे गुंड सगळे सारखेच.

"नाव हाय ना त्याच्यावर."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही वं. वाचता कुठचं येते?" तिनं उजवा हात पुढे केला, अंगठ्याशेजारचं बोट हवेत फिरवलं. "कमरेवर गुंड घेतला का हात मानेवर राह्यते. चाळीस वर्स झाले, विहिरीवरून घरी येईस्तोवर बोट त्याच नावावर. माह्या मामानं टाकलं होतं. चंद्रभागा. बोटाले ठाऊक हाय."

चंद्रभागा मी आदल्या दिवशी वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं होतं. 'कु. चंद्रभागा हिस मामाकडून.' नाव टाकणाऱ्यानं 'भा' जरा मोठा काढला होता, म्हणून लक्षात राहिलं. तिथं खड्ड्यात अजून त्याची भुकटी पडलेली होती, आणि तो गुंड घासून, चमकवून, भिंतीकडे मान करून तिच्यापासून चार हातांवर ठेवलेला होता. हिंगण्याकडच्या एका मुलीवाल्यानं तो पसंत करून ठेवलेला. संध्याकाळी रिक्षा घेऊन येणार होता.

मी सांगायला हवं होतं. हात जोडून, पाय धरून, कसंही. मी काय म्हटलं? "पाहा तुम्हीच, असेल तर घेऊन जा."

ती खाली बसली. एकेक गुंड जवळ ओढायची, डोळे दुसरीकडेच, आणि बोट मानेवरून फिरवायची. ज्यांवर नावं शिल्लक होती तिथं बोट थांबायचं, जरा मागंपुढं व्हायचं, मग ती मान हलवायची. हा नाही. हा नाही. मग तो गुंड तिच्या हातात आला. तिनं तो उचलला आणि सवयीनं कमरेशी लावला. तो तिच्या कमरेला असा बसला, की मला वाटलं आता ओळखते. बोट मानेवरून गेलं. सपाट. पुन्हा गेलं. सपाट. ती त्याच्याकडे पाहत बसली.

"अंगानं तसाच हाय," ती म्हणाली. "पण हा नाही. याच्यावर मी नाही."

आणि तिनं स्वतःचा गुंड हळूच खाली ठेवला.

मी तेव्हाही बोलले नाही. हे आत जेवत होते, त्यांच्या भीतीनं नाही. हिंगण्याच्या माणसाला काय सांगू म्हणूनही नाही, ते मी मागाहून स्वतःला सांगितलेलं कारण आहे. तिनं मला विचारलं असतं, नाव कुठं गेलं, आणि माझ्या हिरव्या हातांकडे पाहिलं असतं, म्हणून मी गप्प बसले. भित्री कुठची. ती उठली, डबे पुन्हा काखोटीला मारले, म्हणाली, "मोडीत गेला असन मंग. तुमचा काय दोष?" आणि गेली. तुमचा काय दोष. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी आज इतकी जळत बसले नसते.

संध्याकाळी रिक्षा आली, गुंड गेला. फिकट जागेवर दुसऱ्याच कोणा पोरीचं नाव टाकलं असेल, आणि चार दिवसांत तिचंही नाव तांदळात बदललं असेल. कोणी कोणाला अडवत नाही.

त्या रात्री आमचं भांडण झालं. मी म्हटलं, मी उद्यापासून कानस धरणार नाही. हे म्हणाले, "काहून? पागल झाली का तू? नाव ठेवलं तर घेइन कोण?" मी म्हटलं, नाही घेतलं तर नाही. कानस खड्ड्यात टाकली ती टाकलीच. पुढे यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं काही दिवस, पण ते रोज घरी घासणारी बायको नसली की परवडत नाही. नावांची भांडी साचत गेली. खड्डा भरला, मग माळा भरला.

पुढल्या उन्हाळ्यात मी रामटेकची एस.टी. धरली. ते गाव यांना आठवत होतं. रामटेकच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, उन्हाळ्यात भेगाळून पडलेली. गुंड माझ्याजवळ नव्हता. नुसतं खरं सांगायला निघाले होते, म्हणजे काय भेट घेऊन निघाले होते बघा. विहिरीवर बायका होत्या, कमरेवर स्टीलच्या घागरी. मी विचारलं, "चंद्रभागाबाईचं घर कोणतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. झाडाखाली एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "चंद्रभागा आमच्या गावात कोणीच नाही वं. गावची पोरगी हाय का सून?"

"सून. मोठी बाई आहे, तिला सून आली आहे."

"मंग तिचं इथलं नाव सांग ना."

मी तिथं उन्हात उभी राहिले, आणि त्या म्हाताऱ्याचं म्हणणं डोक्यात शिरायला वेळ लागला. इथलं नाव. चाळीस वर्षं त्या गावात तिला कोणी चंद्रभागा म्हटलंच नव्हतं. ते नाव त्या गावात फक्त एकाच ठिकाणी होतं, तिच्या बोटाखाली. मी ज्या नावानं तिला शोधत होते ते नाव मीच घासलेलं होतं, आणि ज्या नावानं ती सापडली असती ते मी तिला विचारलंच नव्हतं. घरी आलेल्या बाईला पाणी दिलं, पण तुमचं नाव काय म्हणून विचारलं नाही. मी, अनसूयेची शोभा झालेली, मला हे सुचू नये?

मी सांगून पाहिलं. उंच, काळीसावळी. म्हातारा हसला, "तशा वीस दाखवतो." जिच्याकडचा पितळी गुंड सुनेनं भांडेवाल्याला दिला ती, म्हटलं. तर विहिरीवरची एक जण म्हणाली, "सगळ्याइनंच देल्ले ना बाई. कोणाच्या घरी राह्यला?" तिच्या माहेरचं गाव मला ठाऊक नाही. मामाचं नाव ठाऊक नाही. परतीच्या एस.टी.त खिडकीतून तापलेली लू येत होती आणि मी पदर तोंडावर ओढून रडले, रागानं.

घरी आल्यावर मी खड्ड्यातून एक गुंड निवडला, अंगानं तसाच, नाव नसलेला. भांडेओळीत एक नाव टाकणारा बसायचा, म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याला म्हटलं, यावर चंद्रभागा टाका.

"कोणाकडून?"

"ते नको. नुसतं नाव."

"तारीख?"

"नको."

"मंग कोणाचं म्हणून समजन लोकाइले?"

"लोकांना नको समजायला. खोल टाका. वाचायसाठी नाही, बोटाला लागलं पाहिजे. आणि 'भा' जरा मोठा काढा."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी घेतली. प्रत्येक ठिपका त्यानं दोनदा ठोकला.

तो गुंड तेव्हापासून आमच्या दुकानाच्या दारात आहे. फळीवर नाही, खाली, पायरीच्या अंगाला, नाव रस्त्याकडे करून. तिथून आत येणारी बाई बसली की तिचा हात आपोआप त्यावर पडतो.

आणि आता ही नवी लाट. जी नावं मी पश्चात्तापानं जपली, त्यांनाच आता मागणी आहे. माळ्यावरच्या तशाच कित्येक शेवंता, गिरजा उतरल्या आणि एकेक करून मोठमोठ्या घरांत गेल्या. हे खूश आहेत. पाहुण्यांना सांगतात, "आमच्या हिनं पहिलेच ओळखलं होतं, नावाले भाव येइन म्हणून." मी ओळखलं होतं म्हणे. ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. ज्या आयांनी आणि सुनांनी दोन डब्यांसाठी भांडी काढून दिली, त्यांचीच पोरं आता तसलीच भांडी दुसऱ्याच्या घरची घेऊन डोळे पुसतात. मला डोळे पुसणाऱ्यांचा राग नाही, पुसू दे. पण एकजण तरी विचारेल, ही शेवंता कोण होती, ती आता कुठं आहे, तिला काय म्हणतात? नाही. सगळ्यांना आपलीच आजी आठवते.

प्रताप नगरच्या बाई जायला निघाल्या आणि पायरीवर चप्पल घालताना त्यांचा हात त्या गुंडावर पडला. वाकून वाचलं. "चंद्रभागा. किती गोड जुनं नाव आहे हो. हाच द्या मला."

"तो विकायचा नाही."

"सांगाल तितके देते."

आतून हे ओरडले, "देऊन टाक ना वं शोभे, काय धरून बसली तेरा वर्सापासून?"

"आईचा आहे का तुमच्या?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं. त्यांचा चेहरा खरंच मऊ झाला होता, आणि म्हणून मला जास्तच चीड आली.

"नाही," मी म्हटलं. "ज्यांचा आहे त्या यायच्या आहेत घ्यायला."

"कधी?"

मी गुंडाचं नाव पुन्हा रस्त्याकडे फिरवलं. त्या गेल्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी तो गुंड मागच्या अंगणात घेतला आणि चिंच भिजवली. पोटाला, बुडाला जोर लावून घासते, मानेवर मात्र हात हलका ठेवते. घासून घासून ठिपके भरतात, अक्षरं बसतात. आणि ती आली तर तिची बोटं आता म्हातारी झालेली असतील.